प्रत्येक गाण्यात आगगाडी: हार्मोनिकाची पोझिशन कशी निवडता?

उपवनचा_बगळा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून लिहायला बसलो.

घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीत आम्ही पाच जणांनी गाण्याचा ग्रुप जमवलाय. दोन गिटार, एक काहोन (हातानं वाजवायची लाकडी पेटी), गायला एक काकू, आणि हार्मोनिकावर अस्मादिक. कोजागिरीला गच्चीवर तासभर वाजवायचं आहे. मराठी-हिंदी झालं की शेवटी चार इंग्रजी गाणी, रॉक-पॉप छापाची. ब्लूज एकही नाही, आणि तिथेच माझं घोडं अडलंय.

मी व्हिडिओ बघून शिकलो. तिथे दुसऱ्याच धड्यात सांगतात की गाणं जीमध्ये असेल तर सीची हार्प (म्हणजे हार्मोनिकाच) उचल, २ ड्रॉला (दुसरं होल, श्वास ओढून; फुंकलं तर ब्लो) सा मान, ३ आणि ४ ड्रॉ जरा वाकव (बेंड, म्हणजे ओढतानाच सूर खाली उतरवणं), झालं काम. म्हणजे सेकंड पोझिशन (हार्पच्या मूळ सुरालाच सा मानला तर फर्स्ट, तिथून पाचव्या सुरावर सा नेला तर सेकंड). सहा वर्षं हेच केलं. परवा तालमीत गिटारवाला पोरगा म्हणाला, "दादा, तुम्ही प्रत्येक गाण्यात आगगाडी का घुसवता?" सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तर पोरगं खरं बोलत होतं. हळुवार प्रेमगीत चाललंय आणि मधूनच कसारा लोकल.

गाण्यांची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा "माझं आवडतं गाणं"वर घसरेल. नुसते सूर आणि कॉर्ड देतो:
पहिलं जी मेजर, कॉर्ड जी-डी-ई मायनर-सी.
दुसरं ए मायनर, कॉर्ड ए मायनर-एफ-सी-जी.
तिसरं डी मायनर, पण पूर्ण गाणं डी मायनर आणि जी मेजर या दोनच कॉर्डवर डोलतं.
चौथं ई मायनर, एक रांगडा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) आहे, त्यात ई, जी, ए, बी, डी एवढेच सूर.

माझ्याकडे सी, डी आणि जी अशा तीन दहा होलच्या हार्प आहेत. चौथी घेता येणार नाही, घरात आधीच "पुन्हा पिपाणी आणली का?" असा प्रश्न तयार असतो. तर जाणकारांनी सांगावं, कुठलं गाणं कुठल्या पोझिशनमध्ये? आणि मुळात तुम्ही ठरवता कसं?

कावेरी_नौपाडा

रुमाल टाकून ठेवते. वाचतेय.

खारघरचा_खडूस

सोपा उपाय, क्रोमॅटिक घ्या. बारा होल, बाजूला बटण, सगळे बारा सूर हजर. पोझिशनची भानगडच नाही.

उपवनचा_बगळा

@खडूस, चौथी हार्प परवडत नाही म्हटलं तर तुम्ही चारचाकी सुचवताय.

सूरदास_सीवूड्स

क्रोमॅटिक हा उपाय नाही, ते वेगळं वाद्य आहे. त्याला स्वतःचा रियाज लागतो, आणि तुमच्या दहा होलच्या डायटॉनिकसारखा खोल बेंड त्यावर होत नाही. कोजागिरी तोंडावर आली असताना कशाला?

बगळेराव, तुमचं दुखणं पहिल्या गाण्यात स्पष्ट दिसतं. सीच्या हार्पवर जीमध्ये वाजवलं की ५ ड्रॉला एफ मिळतो. तुमच्या गाण्यात डीची कॉर्ड आहे आणि त्या कॉर्डच्या पोटात एफ शार्प आहे. गिटारवाला एफ शार्प वाजवतोय, तुम्ही त्याच्या कानात साधा एफ फुंकताय (ओढताय म्हणा). ब्लूजमध्ये ही खुन्नस गोड लागते, कारण तिथे सगळ्याच कॉर्ड सातव्या सुराच्या असतात. साध्या पॉप गाण्यात ती चूक वाटते. आगगाडी येते ती तिथून.

जीची हार्प घ्या, फर्स्ट पोझिशन, ४ ते ७ होल. सरळ सारेगम आहे. जीची हार्प खालच्या पट्टीची असल्यामुळे आवाजही गोलसर येतो. प्रश्न मिटला.

कडवे_प्रवचन

फर्स्ट पोझिशन म्हणजे बालवाडी. "ट्विंकल ट्विंकल" वाजवणार का गच्चीवर?

सूरदास_सीवूड्स

बिली जोएलचं 'पियानो मॅन', १९७३. गाणं सीमध्ये, हार्प सीची. बालवाडीतल्या पोरानं बरं नाव काढलं म्हणायचं.

आजीचा_बाजा

मी हार्मोनिका वाजवत नाही, पेटी वाजवते. नौपाड्यात आमच्या भजनी मंडळाला साथ करते, त्यामुळे चुकलं तर कान धरा. माझा नातू नेरूळला असतो, तो तुमचं हे वाद्य शिकतोय. त्यानं मला पोझिशन समजावून सांगितल्या तेव्हा मी त्याला म्हटलं, अरे, ही तर मूर्च्छना!

सीच्या हार्पवर न वाकवता जे सूर निघतात ते पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या आहेत. आता काळ्यांना हात न लावता सा बदलत जा. पांढरी एकला सा मानलात तर बिलावल. पांढरी पाचला सा मानलात तर निषाद कोमल होतो, झाला खमाज. पांढरी दोनवरून काफी, पांढरी सहावरून आसावरी, पांढरी तीनवरून भैरवी. पांढरी चारवरून मध्यम तीव्र, म्हणजे कल्याण. पांढरी सातवरून शुद्ध पंचमच मिळत नाही, म्हणून ती सोडून द्यायची. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी (थाट म्हणजे रागांसाठीचे सुरांचे साचे) सहा या एका पिपाणीत बसतात (बगळेराव, शब्द तुमच्या घरचाच).

नातवाच्या भाषेत फर्स्ट म्हणजे बिलावल, सेकंड खमाज, थर्ड काफी, फोर्थ आसावरी, फिफ्थ भैरवी आणि ट्वेल्थ कल्याण. तुम्ही पाचापाचांच्या उड्या मारत मोजता, आम्ही थाटानं ओळखतो, एवढाच फरक.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की वाद्य हातात घ्यायच्या आधी गाणं गुणगुणा. ग कोमल आहे का? ध कोमल आहे का? नि कुठला? तीन प्रश्नांत थाट सापडतो, थाट सापडला की पोझिशन सापडली. तुम्ही सहा वर्षं सगळ्यांना खमाजाचा सदरा घालताय, एखाद्याला तरी तो आखूड होणारच.

कावेरी_नौपाडा

आजी, _/\_. रुमाल उचलून आता सतरंजीच टाकते.

नेरूळकर_नितळ

आजींचा प्रतिसाद प्रिंट काढून हार्पच्या डबीत ठेवतोय.

कडवे_प्रवचन

थाट म्हणजे राग नव्हे. आणि मूर्च्छना म्हणजे नुसतं सा सरकवणं नव्हे. इंग्रजी पॉपला आसावरी म्हटलं की अंगावर काटा येतो, आणि तो चांगला काटा नव्हे.

आजीचा_बाजा

राग कोण म्हणतंय बाळा? मी थाटच म्हटलं. सांगाड्याला सांगाडा म्हणायला हरकत नसावी.

घंटाळी_घंटा

आता मुद्द्याचं. माझी मतं वरच्या काहींशी जुळणार नाहीत.

दुसरं गाणं, ए मायनर. तुमच्या सवयीनं तुम्ही डीची हार्प उचलली असणार, कारण डीची हार्प म्हणजे सेकंडमध्ये ए. बरोबर? त्यात ३ ड्रॉ सी शार्प आहे आणि गाण्याला हवा साधा सी. प्रत्येक वेळी अर्धा सूर वाकवून कोमल ग काढायचा, सुटला की मायनरचं मेजर. शिवाय वर एफची कॉर्ड येते तेव्हा तुमच्या हार्पमध्ये एफ शार्प. म्हणजे दोन ठिकाणी भांडण.

सरळ जीची हार्प घ्या, थर्ड पोझिशन. सा ४ ड्रॉला, ४ ते ८ होलपर्यंत न वाकवता पूर्ण सप्तक. फक्त ७ ड्रॉला जायचं नाही, कारण तो एफ शार्प आहे. बाकी रान मोकळं. थर्डमध्ये बहुतेक सूर ओढायचे असल्यामुळे आवाजाला जो दर्द येतो तो फोर्थमध्ये येत नाही.

सूरदास_सीवूड्स

इथेच असहमत. एकच होल टाळायचं हे घरी सोपं. गच्चीवर शंभर माणसं, समोर बायको, हातात हार्प, आणि "७ ड्रॉ टाळ, ७ ड्रॉ टाळ" असं मनात म्हणत राहिलं की माणूस बरोब्बर ७ ड्रॉवरच जातो. सायकल शिकताना खड्डा टाळायचा म्हणून आपण खड्ड्यातच जायचो तसं.

आजींच्या भाषेत इथे ध कोमल आहे, म्हणजे आसावरी, म्हणजे सीची हार्प फोर्थमध्ये. चारही कॉर्ड सीच्या हार्पच्या घरातल्या आहेत, कुठेच भांडण नाही. सा ६ ड्रॉला, मग ७ ड्रॉ, ७ ब्लो, ८ ड्रॉ, ८ ब्लो, ९ ड्रॉ, ९ ब्लो आणि १० ड्रॉला वरचा सा. लक्षात घ्या, सातव्या होलपासून श्वास उलटा होतो, तिथे ओढलेला सूर फुंकलेल्याच्या खाली असतो. आठ दिवस लागतील सवय व्हायला.

घंटाळी_घंटा

आणि १० ड्रॉ वाजवल्यावर सोसायटीतली सगळी कुत्री गच्चीवर.

सूरदास_सीवूड्स

ते मान्य. :) म्हणून ५ ते ८ मध्येच राहायचं, वर फिरकायचं नाही. खालचा ए हवा असेल तर ३ ड्रॉ पूर्ण एक सूर वाकवावा लागतो. तो वाईट आहे, कारण त्या होलमध्ये वाकवलेले तीन सूर आहेत आणि हा नेमका मधला. जरा कमी वाकला तर बी फ्लॅट, जास्त वाकला तर ए फ्लॅट. मला तीन वर्षांनीही दहातून सातदा सापडतो.

चिंबोरी_बेलापूर

अवांतर: आमच्या बाबांकडे चोवीस होलचा टॉवर माउथऑर्गन होता, निळ्या पुठ्ठ्याच्या डबीत. एका सुराला दोन पत्त्या, त्यामुळे आवाज थरथरायचा. 'दोस्ती'ची गाणी त्यावर वाजवायचे. त्या चित्रपटातला माउथऑर्गन आर. डी. बर्मननी वाजवलाय, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलालांचं, १९६४. बाबा गेले, डबी अजून आहे. त्यावर या पोझिशन जमतील का हो?

घंटाळी_घंटा

@चिंबोरी, सा कुठलाही माना, मूर्च्छना होतेच. पण अशा दोन पत्त्यांच्या माउथऑर्गनवर, म्हणजे ट्रेमोलोवर, बेंड जवळजवळ होत नाही, कारण दोन्ही पत्त्या एकाच वेळी वाकवायच्या. त्यामुळे जे सूर आहेत त्यातच संसार. आणि वाजवायच्या आधी आतली धूळ नीट साफ करा, जुनी पत्ती हट्टानं फुंकली तर तुटते.

खारघरचा_खडूस

हार्मोनिकाच्या इतिहासातली सर्वात मोठी कामगिरी 'आराधना'त झाली. एका हातानं जीप, दुसऱ्या हातानं माउथऑर्गन, तेही घाटात. ती कुठली पोझिशन?

नेरूळकर_नितळ

ड्रायव्हिंग पोझिशन.

कावेरी_नौपाडा

फुटले =))

येऊरचा_येडा

तिसऱ्या गाण्याबद्दल कुणीच बोललं नाही, आणि मला तेच सर्वात सुंदर वाटतंय.

डी मायनर आणि जी मेजर. जी मेजरमध्ये बी आहे, बी फ्लॅट नाही. म्हणजे ग कोमल पण ध शुद्ध. आजींचा काफी! सीची हार्प थर्डमध्ये, डोळे मिटून. ४ ड्रॉ सा, ५ ब्लो रे, ५ ड्रॉ कोमल ग, ६ ब्लो म, ६ ड्रॉ प, ७ ड्रॉ शुद्ध ध, ७ ब्लो कोमल नि, ८ ड्रॉ सा. आणि जीची कॉर्ड आली की १ ते ४ ड्रॉ एकदम ओढा, तिथे अख्खी जी मेजर कॉर्ड तयार बसलेली आहे. या गाण्यासाठी हे वाद्य घडवलंय असं वाटेल.

एक सावधगिरी. तुमची सीची हार्प कुठल्या जुळणीची आहे ते बघा. जुन्या पद्धतीत ५ ड्रॉ मुद्दाम उतरवलेला असतो, म्हणजे सेकंड पोझिशनची कॉर्ड घट्ट बसते. नैसर्गिक सातवा सूर गिटारच्या सुरापेक्षा सुमारे ३१ सेंट (अर्धा सूर म्हणजे १०० सेंट) खाली असतो. सेकंडमध्ये तो कोमल नि असतो, तिथे खपून जातो. थर्डमध्ये तोच तुमचा कोमल ग होतो, गाण्याचा सगळा जीव त्यात, आणि तो गिटारशी बेसूर लागतो. मग माणूस स्वतःला दोष देत बसतो. मी वर्षभर दिला. येऊरच्या रस्त्याकडेला बसून तास न् तास ५ ड्रॉ ओढायचो, सकाळी फिरायला येणारे लोक वळून बघायचे.

उपवनचा_बगळा

@येडा, आत्ता ट्यूनरवर बघितलं. माझा ५ ड्रॉ उतरलेला आहे!! आणि मी सहा वर्षं समजत होतो की माझा कान खराब आहे.

येऊरचा_येडा

कान खराब असण्याची शक्यता अजून मावळलेली नाही. ;) (दिवा घ्या.) पण त्या सुरावर फुंकर-ओढ हलकी ठेवा. जोरात ओढलं की तो आणखी उतरतो. तोंड मोकळं, जबडा सैल.

कडवे_प्रवचन

बघा, शेवटी दहा होलच्या चिनी-जर्मन पत्र्यात काफी शोधणारी माणसं तुम्ही.

घंटाळी_घंटा

पेटी तरी कुठे आळंदीला उगवली होती.

नेरूळकर_नितळ

मला पडलेला प्रश्न. नील यंगचं 'हार्ट ऑफ गोल्ड', १९७२, हार्प जीची. पण गाण्याची सुरुवात आणि कडवी ई मायनरभोवती फिरतात. मग ही फर्स्ट की फोर्थ? आमच्या ऑफिसात यावरून दोन चहा थंड झाले.

सूरदास_सीवूड्स

फर्स्ट. सोलोच्या चालीत कॉर्ड ई मायनर-सी-डी-जी अशी जाते आणि जीवर येऊन टेकते.

येऊरचा_येडा

मला तो ई मायनरचा उदासपणाच ऐकू येतो, म्हणून फोर्थ. गंमत अशी की हार्प तीच, होल तेच, श्वास तेच. भांडण फक्त नावाचं.

आजीचा_बाजा

हे आमच्याकडे भूप आणि देशकारवरून चालतं. सूर तेच, जीव कुठे आहे त्यावर नाव. चहा गरम करून घ्या.

फुगडी_फॅन

चौथं गाणं माझं! ई मायनर, पाचच सूर. तुमच्या तिन्ही हार्पवर तीन रस्ते आहेत. डीची हार्प थर्ड, जीची फोर्थ, सीची फिफ्थ. रिफमध्ये रे आणि ध नाहीतच, त्यामुळे थाटाचं भांडण मिटलं, कुठलीही चालेल.

मी फिफ्थ घेईन. सा २ ब्लोला, मग २ ड्रॉ, ३ ड्रॉ, ४ ड्रॉ, ५ ब्लो. खालचा भरदार भाग मिळतो आणि रॉकला तोच हवा. फक्त मधला ए खाली नाही, तो वाकवायचा किंवा वरच्या सप्तकात ६ ड्रॉला घ्यायचा. ५ ब्लो, ६ ब्लो, ६ ड्रॉ, ७ ड्रॉ, ८ ड्रॉ, ८ ब्लो असं गेलात तर वाकवावं लागतच नाही. ५ ड्रॉ तेवढा विसरा, तिथे भैरवीचा कोमल रे आहे.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी मामलेदारची मिसळ खाऊन वाजवू नका. स्वानुभव. तर्रीचा एक कण ४ ड्रॉच्या पत्तीत अडकला आणि सगळा कार्यक्रम सा शिवाय काढला. पोझिशनलेस.

खारघरचा_खडूस

कुणी ट्वेल्थबद्दल का बोलत नाही? पहिलं गाणं डीच्या हार्पवर ट्वेल्थमध्ये. जीचा कल्याण.

सूरदास_सीवूड्स

वाजवा की. सीची कॉर्ड आली आणि तुमचा सी शार्प भिडला की आम्ही खाली पार्किंगमध्ये थांबतो.

खारघरचा_खडूस

मध्यम टाळून.

घंटाळी_घंटा

मला ७ ड्रॉ टाळू देत नव्हते, यांना अख्खा मध्यम टाळायचाय.

उपवनचा_बगळा

मंडळी, कोजागिरी झाली. वृत्तांत देतो.

पहिलं गाणं जीच्या हार्पवर फर्स्टमध्ये. खालच्या सप्तकात म आणि ध नाहीत हे वाजवताना कळलं, पण सूरदास म्हणाले तसा ४ ते ७ मध्ये राहिलो. ७ ड्रॉला शुद्ध निषाद लांबवला आणि तेव्हाच खालून डीची कॉर्ड आली. सहा वर्षांत पहिल्यांदा माझा सूर गिटारमध्ये विरघळला. गिटारवाल्यानं मान वर करून बघितलं.

दुसऱ्याला दोन्ही करून पाहिलं होतं. घंटाळीकर, तुमची थर्ड ऐकायला जास्त चांगली होती, खरंच. पण तालमीत चारदा ७ ड्रॉच्या खड्ड्यात गेलो, म्हणून कार्यक्रमात फोर्थ. कुत्री आली नाहीत.

तिसऱ्याला घात झाला. गच्चीवरचे दिवे मालवले होते, चंद्र दुधात दिसावा म्हणून. मी सीची समजून डीची हार्प उचलली. येडासाहेबांनी सांगितलेला ४ ड्रॉ ओढला तर निघाला ई. दोन मात्रा मी त्या ईवर ठाम उभा होतो, वाटलं चूक गिटारची आहे. मग काकूंनी गाता गाता माझ्याकडे जे बघितलं... हार्प बदलली, दुसऱ्या कडव्यापासून काफी लागला. ५ ड्रॉ हलका ठेवला. त्यानंतर एक आजोबा येऊन म्हणाले, "मधलं ते आपलं वाटलं."

चौथं फिफ्थमध्ये. रांगडं झालं. आगगाडी थोडी आली, पण तिथे चालली.

येऊरचा_येडा

"मधलं ते आपलं वाटलं". व्वा. ईवर ठाम उभं राहिल्याबद्दल वेगळं अभिनंदन.

फुगडी_फॅन

हार्पच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका लावा. सीला एक, डीला दोन. बोटाला अंधारातही लागतो.

आजीचा_बाजा

छान. मसाला दूध उरलं असेल तर नौपाड्यात पाठवा.

उपवनचा_बगळा

आजी, दूध संपलं. आता नवीन भानगड. डिसेंबरात पुन्हा कार्यक्रम आहे आणि काकू म्हणतात, जीचं गाणं वर लागतं, अर्धा सूर खाली घेऊ. गिटारवाल्यांनी तारा अर्धा सूर उतरवल्या आणि मोकळे झाले. मी माझ्या तीन हार्पकडे बघत बसलोय.

सूरदास_सीवूड्स

एफ शार्प. तुमच्या तिन्हींपैकी एकही नाही चालणार.

खारघरचा_खडूस

म्हणून म्हणत होतो, क्रोमॅटिक.

कावेरी_नौपाडा

काकूंना आल्याचा काढा द्या आणि अर्धा सूर वर आणा. हार्पपेक्षा स्वस्त.